नियम पाठ आहेत, तरी इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न चुकतात. सराव कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रवेश परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. व्याकरणाचं पुस्तक दोनदा वाचून झालंय, नियम विचारले तर धडाधड सांगता येतात, रोज 50-60 प्रश्नही सोडवून होतात. तरी सराव चाचणीत व्याकरण आणि शब्दवापराच्या 25 प्रश्नांपैकी 12-13 च्या वर गाडी सरकत नाही. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. आता रोज 100 प्रश्न सोडवावेत, की आणखी एखादं जाड पुस्तक हाती घ्यावं?

दोन्ही करू नका. मी गेली 19 वर्षं प्रवेश परीक्षांसाठी इंग्रजी शिकवते आणि या टप्प्यावर अडकलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांची मेहनत कमी पडते असं जवळजवळ कधीच नसतं. नियम त्यांना माहीत असतो, पण समोरच्या वाक्यात तोच नियम दडलाय हे त्यांना दिसत नाही. वाक्य कानाला बरं वाटलं की ती पुढे जातात, आणि तो कान घडलाय मराठीवर. तेव्हा सराव करायचा तो वाक्य पाहण्याचा, आणि सगळ्यात आधी त्या जागांचा, जिथे मराठीची आणि इंग्रजीची वाट वेगळी होते.

सुरुवात जुन्या चुकांपासून करा. शेवटच्या दोन सराव चाचण्या काढा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा. नियमच माहीत नव्हता तर 'न'. माहीत होता पण दिसला नाही तर 'द'. चुकीचं वाक्य कानाला बरोबर वाटलं तर 'क'. प्रामाणिकपणे लिहा, कुणाला दाखवायचं नाहीये. मी वर्गात हे करून घेते तेव्हा 'न' फार थोडे निघतात. बहुतेक पानांवर 'द' आणि 'क' यांचीच गर्दी असते. नवं पुस्तक 'न' दुरुस्त करतं, 'द' आणि 'क' यांना ते हातही लावत नाही. म्हणून दुसरं पुस्तक घेऊन गुण वाढत नाहीत.

एक वाक्य जवळून बघू. चूक कुठल्या भागात आहे ते ओळखायचं आहे:

'द क्वालिटी ऑफ द पिक्चर्स / दॅट वेअर टेकन लास्ट वीक / वेअर नॉट गुड / नो एरर.'

माझ्या एका विद्यार्थिनीने 'नो एरर' निवडलं. नियम विचारला तर तिने अचूक सांगितला: क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे चालतं. मग तिला म्हटलं, वाक्यातली क्रियापदं बोटाने दाखव. तिने दोन 'वेअर' दाखवले. पहिल्याला विचार, 'काय काढले होते?' पिक्चर्स. अनेकवचन, म्हणजे 'वेअर' बरोबर. आता दुसऱ्याला विचार, 'काय चांगलं नव्हतं?' ती थांबली. चांगली नव्हती ती क्वालिटी. एकवचन. तिथे 'वॉज' हवं. तिचं उत्तर बदलायला दहा सेकंदही लागले नाहीत, आणि नवा नियम एकही शिकवावा लागला नाही.

ती फसली कशामुळे, तेही बघा. 'पिक्चर्स' हा अनेकवचनी शब्द जवळ होता आणि त्याचा 'वेअर' नुकताच कानावरून गेला होता, त्यामुळे दुसराही खपून गेला. त्यात मराठीची भर. 'मुलाने आंबे खाल्ले', 'मुलाने पोळी खाल्ली'. कर्ता दोन्हीकडे मुलगाच, पण क्रियापद शेजारच्या आंब्यांशी आणि पोळीशी जुळवून घेतं. शेजारच्या नामाकडे बघून क्रियापद बदलण्याची ही सवय आपल्याला बोलायला लागल्यापासून आहे. मराठीत ती अगदी योग्य आहे. इंग्रजीत मात्र कर्ता आठ शब्द मागे राहिला तरी क्रियापदाने त्याच्याशीच प्रामाणिक राहायचं असतं.

म्हणून पहिले दहा दिवस एकच काम. वाक्य वाचलं की क्रियापदाखाली रेघ मारायची आणि त्याला 'कोण?' किंवा 'काय?' विचारायचं. मधला मजकूर पेन्सिलीने झाका. 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ' यांच्या मागून येणारी माणसं कर्त्यात धरायची नाहीत: 'द कॅप्टन, अलाँग विथ हिज प्लेयर्स, इज वेटिंग.' उलट 'आयदर... ऑर' आणि 'नायदर... नॉर' आले की जवळच्या कर्त्याकडे बघायचं: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' 'द नंबर ऑफ' एकवचनी आणि 'अ नंबर ऑफ' अनेकवचनी, ही जोडी तर परीक्षकांची लाडकी. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक थेट 'माझा एक मित्र' मधून येते. इंग्रजीत ती रचना 'माझ्या मित्रांपैकी एक' अशी आहे, म्हणून 'फ्रेंड्स' अनेकवचनी आणि पुढचं क्रियापद एकवचनी. 'पैकी' हा शब्द मनात म्हटला की ही चूक पुन्हा होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता 'क' कडे. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मराठीतून इंग्रजीत येणाऱ्या चुका मोजक्या आहेत, पण त्या चिवट आहेत, कारण त्या चुका वाटतच नाहीत.

'पासून' हा शब्द घ्या. आपण 'सोमवारपासून आजारी आहे' म्हणतो आणि 'तीन दिवसांपासून आजारी आहे' असंही म्हणतो. दोन्हीकडे तोच 'पासून' आणि तोच साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स', कारण सोमवार हा काळातला एक बिंदू आहे. दुसऱ्याला 'फॉर', कारण तीन दिवस ही लांबी आहे. शिवाय क्रियापद 'हॅज बीन' वर न्यावं लागतं: 'ही हॅज बीन इल फॉर थ्री डेज.' 'ही इज इल सिन्स थ्री डेज' या पाच-सहा शब्दांत दोन चुका आहेत आणि मराठी कानाला त्यातली एकही खटकत नाही. उलट्या बाजूची चूक म्हणजे 'काल' आणि 'हॅव' यांची जोडी. 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत सहज चालतं, पण 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चालत नाही. काल, गेल्या वर्षी, दोन तासांपूर्वी असा संपलेला काळ दिसला की साधा भूतकाळ: 'आय सॉ हिम येस्टरडे.'

दुसरी जागा 'जर-तर' ची. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' दोन्ही अर्ध्यांत 'असतं-असतो' आहे. आपल्या भाषेत ही रचना दोन्ही बाजूंनी सारखी असते. म्हणून मुलं इंग्रजीतही दोन्हीकडे एकच साचा ओततात: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' परीक्षेतल्या इंग्रजीत 'इफ' च्या अर्ध्यात 'वुड हॅव' येत नाही. तिथे 'हॅड' येतो: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' यातलाच पुढचा प्रकार म्हणजे 'इफ' गाळून 'हॅड' पुढे आणणं: 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.' हे वाक्य पहिल्यांदा बघणाऱ्याला हटकून चुकीचं वाटतं आणि तो 'हॅड आय' वर खूण करून मोकळा होतो. ही रचना वहीत ठळक लिहून ठेवा. अवघड प्रश्न काढणाऱ्याला ती फार आवडते.

भविष्यकाळाचंही तसंच. 'तो येईल तेव्हा मी सांगेन' यात दोन्ही क्रियापदं भविष्यकाळात आहेत. इंग्रजीत 'व्हेन', 'आफ्टर', 'अन्टिल', 'ॲज सून ॲज' यांच्यामागच्या वेळदर्शक भागात 'विल' टिकत नाही: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' पण 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे अगदी बरोबर, कारण इथे 'व्हेन' वेळ दाखवत नाही, प्रश्न विचारतो. हा फरक अनेक शिकवण्यांत सांगितलाच जात नाही. मग मुलं जिथे तिथे 'विल' खोडत सुटतात आणि बरोबर वाक्यही चूक ठरवतात.

जोडशब्दांबद्दल बोलायलाच हवं, कारण ही आपली भाषिक सवय फार खोल आहे. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' हवं, 'जेव्हा' ला 'तेव्हा' हवं, 'जो' ला 'तो' हवा. एक पाय टाकला की दुसरा टाकल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. म्हणून 'ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही कंटिन्यूड' हे आपल्याला तालात वाटतं. इंग्रजीत 'ऑलदो' एकटाच पुरेसा असतो, 'बट' काढायचा. 'द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय कझिन' मधला 'ही' म्हणजे आपला 'तो' आहे. तोही काढायचा. 'इफ' सोबत 'देन' चालतं, ती सूट आहे. 'ऑलदो' ला 'येट' चालतं असं काही जुन्या पुस्तकांत दिसतं. परीक्षेत पर्यायांमध्ये 'बट' असेल तर तो आधी उडवा आणि 'येट' कडे मग बघा.

अप्रत्यक्ष प्रश्नांचं एका ओळीत सांगते: 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' नव्हे, 'व्हेअर ही लिव्ह्ज'. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की 'डू-डझ-डिड' गळतात.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा. 'रस्त्याने चालताना त्याला कुत्रा चावला.' या मराठी वाक्यात काही खोट आहे का? नाही. चालणारा कोण आणि चावणारा कोण, हे सगळ्यांना कळतं. हेच इंग्रजीत 'वॉकिंग अलाँग द रोड, अ डॉग बिट हिम' असं लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला चालणारा कुत्राच वाटतो. इंग्रजीत 'वॉकिंग' ने सुरू होणारा तुकडा स्वल्पविरामानंतर लगेच येणाऱ्या नामाला चिकटतो. म्हणून 'वॉकिंग अलाँग द रोड, ही वॉज बिटन बाय अ डॉग'. आपल्या 'चालताना', 'बघून', 'केल्यावर' या रूपांवर असं बंधन फारच सैल आहे, त्यामुळे ही चूक आपला कान शंभरदा ऐकूनही पकडणार नाही. ती डोळ्यानेच पकडायची. वाक्याची सुरुवात '-इंग' किंवा '-एड' ने झाली की स्वल्पविरामावर बोट ठेवा, पुढचं नाम वाचा आणि विचारा, 'हे काम यानेच केलं का?' दोन आठवडे रोज अशी पाच वाक्यं तपासा. 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, द लाइट्स वेअर स्विच्ड ऑफ' वाचल्यावर 'काम दिव्यांनी संपवलं का?' हा प्रश्न आपोआप मनात आला, की तयारी झाली असं समजा.

उपपदांसाठी, म्हणजे आर्टिकल्ससाठी, आपल्याकडे एक साधन आहे जे इंग्रजी लिपीत शिकणाऱ्यांकडे नसतं. 'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. मग शब्द देवनागरीत लिहून बघा. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमबीए', 'एफआयआर' यांचं पहिलं अक्षर स्वर आहे, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'वन-वे स्ट्रीट', 'यूएफओ' हे 'य' आणि 'व' ने, म्हणजे व्यंजनाने सुरू होतात, म्हणून 'अ'. आपली लिपी ध्वनी लिहिते, त्यामुळे उत्तर कागदावरच दिसतं. एकच खबरदारी: कान आणि वर्ष या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण 'इयर' असेच लिहितो. वर्षाच्या शब्दात सुरुवातीला 'य्' आहे, म्हणून 'अ यिअर'. कानाच्या शब्दात तो नाही, म्हणून 'ॲन इअर'. 'द' चे नियम मात्र पाठांतराने पूर्ण हाती येत नाहीत, ते वाचनाने येतात. म्हणून तीन महिन्यांत त्यांच्यामागे जास्त वेळ घालवू नका.

वचनात मराठी आणि इंग्रजी कधी हातात हात घालून चालतात, कधी पाठ फिरवतात. 'माहिती' चं अनेकवचन आपणही करत नाही, तसंच 'इन्फर्मेशन' चं होत नाही. पण 'सल्ले' आपण म्हणतो आणि इंग्रजीत 'ॲडव्हाइसेस' चालत नाही. 'बातम्या' अनेकवचनी, 'न्यूज' ला मात्र एकवचनी क्रियापद. आपली कात्री एक, चष्मा एक, पण 'सिझर्स' आणि 'स्पेक्टॅकल्स' यांना अनेकवचनी क्रियापद लागतं. नुसती यादी पाठ करण्यापेक्षा मराठी शब्द शेजारी लिहून जिथे फरक आहे तेवढ्याच शब्दांखाली रेघ मारा. 30 शब्दांची यादी 10-12 वर येते.

प्रिपोझिशन्सच्या जाड्या याद्या मुलांना घाबरवतात. तिथेही एक धागा सापडतो. आपण 'विषयावर चर्चा करतो', 'मुद्द्यावर भर देतो', 'खोलीत शिरतो', 'कुणाशी लग्न करतो'. हे 'वर', 'त', 'शी' इंग्रजीत नेण्याचा मोह होतो, म्हणून 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइझ ऑन', 'मॅरी विथ' अशा चुका होतात. लक्षात ठेवायचं ते असं: यातल्या क्रियापदांना शेपूट लागत नाही, पण त्यांच्याच नामांना लागतं. 'डिस्कस द प्लॅन', पण 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन'. 'एम्फसाइझ द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'रिझेम्बल हर मदर', पण 'अ रिझेम्ब्लन्स टु हर मदर'. 'रिक्वेस्टेड हेल्प', पण 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प'. 'एंटर द रूम', पण 'एंट्री इंटु द रूम'. करार करणं या अर्थाने 'एंटर इंटु ॲन अग्रीमेंट' येतं, तो अपवाद. आणि 'पेक्षा' दिसला की 'दॅन' लिहायची सवय 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपिरियर', 'इन्फिरियर' आणि 'प्रिफर' यांच्यापाशी आवरायची. तिथे 'टु' येतो.

शब्दवापराच्या काही प्रश्नांत मुलं तक्रार करतात की 'मॅडम, सगळे तर असंच बोलतात'. तक्रार खरी असते. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' न वापरता 'फ्यूअर' वापरावं, हा आग्रह 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकाने मांडला, आणि तोही 'मला हे अधिक योग्य वाटतं' अशा सुरात. त्याआधीही लोक 'लेस' दोन्हीकडे वापरत होते, आजही वापरतात. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, ही नाराजी 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी व्यक्त केली, पण बोलणाऱ्यांनी ती कधी पूर्ण मनावर घेतली नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण मुलांना वाटतं की आपल्याला इंग्रजी येतच नाही. तसं नसतं. परीक्षा ज्या इंग्रजीची असते ते औपचारिक, लिखित आणि जरा जुन्या वळणाचं इंग्रजी असतं. तिथे 'फ्यूअर मिस्टेक्स', 'लेस टाइम' असंच धरा. पेपर सुटल्यावर तुम्ही कसं बोलता, हा वेगळा विषय.

आता रोजच्या सरावाचं. रोज 100 नाही, 15 प्रश्न पुरेत. पण ते मिश्र हवेत. पुस्तकातल्या धड्याच्या शेवटी दिलेले प्रश्न बरोबर येतात आणि चाचणीत तेच चुकतात, यामागे साधं कारण आहे: धड्याचं नावच अर्धं उत्तर सांगून टाकतं. वर 'टेन्स' लिहिलं असेल तर आपण फक्त काळच तपासतो. परीक्षेत वर काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हा पहिले दहा दिवस क्रियापद-कर्ता झाल्यावर सगळे प्रकार एकत्र करूनच सोडवा.

15 प्रश्नांना 12 मिनिटं, आणि मग त्यांच्यावर अर्धा तास. हा अर्धा तास खरा अभ्यास आहे. बरोबर आलेल्या प्रश्नातही बाकीचे पर्याय का चुकीचे, हे मोठ्याने, मराठीत, एखाद्याला समजावल्यासारखं सांगा. सांगता आलं नाही तर ते उत्तर नशिबाने आलं असं समजा आणि त्यालाही चुकीत धरा. चुकलेलं वाक्य वहीत उतरवा, खाली कारण लिहा, पण 'सब्जेक्ट-व्हर्ब अग्रीमेंट' असं पुस्तकी नाव नको. 'पिक्चर्स जवळ होता म्हणून फसले' असं स्वतःच्या शब्दांत लिहा. त्याखाली त्याच साच्याची स्वतःची दोन वाक्यं, एक बरोबर आणि एक मुद्दाम चुकवलेलं. मुद्दाम चूक पेरता आली की दुसऱ्याने पेरलेली दिसायला लागते. सातव्या-आठव्या इयत्तेपासून इंग्रजीची धास्ती घेतलेली मुलंही या एका कृतीने मोकळी होताना मी पाहिली आहेत.

वहीतलं ते वाक्य दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या, मग आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. उत्तर झाकून. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. माझ्या वर्गातल्या वह्याही तेच सांगतात. तीन-चार वेळा अशी भेट झालेलं वाक्य पुन्हा क्वचितच चुकतं.

याच्या जोडीला आठवड्यातून तीनदा एक जुनी कृती करा. चांगल्या इंग्रजी लेखातला पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद घ्या. त्याचं मराठी करा, तुमच्या रोजच्या मराठीत. मूळ परिच्छेद बंद करून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा आणि मुळाशी ताडून बघा. रॉजर ॲशम या इंग्रज शिक्षकाने लॅटिन शिकवण्यासाठी ही दुहेरी भाषांतराची पद्धत सुचवली होती. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1570 मध्ये प्रसिद्ध झालं. साडेचारशे वर्षं जुनी पद्धत आहे, आणि मराठी मुलांसाठी मला तिच्यापेक्षा चांगली सापडलेली नाही. कारण मुळाशी ताडताना तुमचं इंग्रजी जिथे जिथे वेगळं पडतं, नेमक्या त्याच जागा मराठीने ओढलेल्या असतात. कुठे 'द' गळलेला असतो, कुठे 'हॅज बीन' चं 'इज' झालेलं असतं, कुठे एक जादा 'बट' शिरलेला असतो. तुमच्या चुकांची यादी तुम्हाला दुसरं कोणी इतकी नेमकी देऊ शकणार नाही.

चूक शोधण्याच्या प्रश्नांत प्रत्येक वाक्यावरून नजर नेहमी एकाच क्रमाने फिरवा: आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग काळ, मग सर्वनाम कुणाला उद्देशून आहे, मग जोडशब्द आणि यादीतली रूपं एकसारखी आहेत का, मग प्रिपोझिशन, सगळ्यात शेवटी आर्टिकल. हा क्रम एकदा पूर्ण झाला आणि काही सापडलं नाही, तर 'नो एरर' निवडा आणि पुढे जा. पुन्हा पुन्हा वाचत बसलं की बरोबर शब्दही विचित्र दिसायला लागतो आणि आपण नसलेली चूक तयार करतो. 'नो एरर' हेही इतर पर्यायांसारखंच एक उत्तर आहे, ते निवडताना अपराधी वाटायचं कारण नाही.

गुण वजा होणार असतील तर अंदाजाचा हिशोब आधीच करून ठेवा. चार पर्याय आणि चुकीला एक-तृतीयांश गुण वजा असेल, तर डोळे झाकून उत्तर दिल्याने सरासरीत फायदा नाही आणि तोटाही नाही. पण एक पर्याय खात्रीने उडवता आला तर तीन पर्यायांत सरासरी एक-नवमांश गुण पदरात पडतो, दोन उडवता आले तर एक-तृतीयांश. वजाबाकी एक-चतुर्थांश असेल तर पारडं आणखी तुमच्याकडे झुकतं. म्हणून 'एक तरी पर्याय का चुकीचा आहे हे मला सांगता येतंय का?' एवढंच स्वतःला विचारायचं. येत असेल तर उत्तर द्या, नसेल तर सोडा. सराव चाचणीत अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर बारीक खूण करत चला. महिन्याभराने त्यातली किती बरोबर आली ते मोजा, म्हणजे तुमचा अंदाज भरवशाचा आहे की नाही ते आकड्यात कळेल.

शेवटच्या दहा दिवसांत नवं काही उघडू नका. मैत्रिणीकडे कितीही चांगली प्रश्नपत्रिका आली तरी नको. फक्त ती वही. तोपर्यंत तिच्यात 100-150 वाक्यं जमली असतील, रोज 15-20 वाक्यं झाकून-उघडून बघितली तरी सगळी एकदा नजरेखालून जातात. जी वाक्यं तेव्हाही अडतील, ती एका कागदावर वेगळी काढा. तो कागद परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचा आणि रात्री वेळेवर झोपा.